एक मैदान, अनेक उपयोग : नेरूळच्या स्टेडियमची कथा

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी टीव्ही उशिरापर्यंत सुरू होता. नवी मुंबईत नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि एकदिवसीय विश्वचषक प्रथमच आपल्याकडे आला. सुपेल्यात फटाके वाजले, गल्लीत पेढे वाटले गेले. त्या गडबडीत एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नसेल. बरोबर साडेनऊ महिन्यांपूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, याच गवतावर कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले होते. आणि त्याआधी २०२२ मध्ये याच ठिकाणी सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता.

क्रिकेट, फुटबॉल आणि गाण्याचा कार्यक्रम, तिन्हींसाठी एकच मैदान. हे कसे जमते, आणि जमवायचे तर काय सांभाळावे लागते, हा या लेखाचा विषय आहे. मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करणारा माणूस. खेळातला जाणकार नाही. पण भार, कंप, पाण्याचा निचरा आणि माणसांची ये-जा हे आमच्या रोजच्या कामाचे विषय आहेत, आणि मोठे स्टेडियमही शेवटी याच चार गोष्टींवर उभे असते.

आधीची पिढी

मुंबईतले पहिले मोठे स्टेडियम म्हणजे ब्रेबॉर्न. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर ते बांधले गेले. १९३६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९३७ च्या डिसेंबरात ते सुरू झाले. त्यामागचा खटाटोप अँथनी डिमेलो यांचा. मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची आणि सामने भरवणार मुंबई क्रिकेट संघटना, त्यामुळे तिकिटांच्या वाटपावरून दोघांत वर्षानुवर्षे कुरबुर चालली. अखेर संघटनेने स्वतःचे मैदान बांधायचे ठरवले. पुढाकार होता बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांचा. ते नागपूरकडचे, आपल्या विदर्भाचे पुढारी, त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यावर सुमारे वर्षभरात स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली.

त्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. द्विशतकाच्या वेळी एक चाहता अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला चोप दिला आणि गॅलरीतले लोक खवळले. म्हणजे वानखेडेच्या इतिहासाचे पहिले पानच खेळाबरोबर गर्दीनेही लिहिले आहे. जागा अशी चिंचोळी की एका बाजूला चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधले रूळ, दुसऱ्या बाजूला वस्ती. वाढायला वाव नाही. २०११ च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झाले तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची देताना प्रेक्षकसंख्या सुमारे ३३ हजारांवर आली.

मैदानावर गाण्याचा मोठा कार्यक्रम ही गोष्टही मुंबईला नवी नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. विमानतळावर नऊवारीत त्याचे औक्षण करणारी सोनाली बेंद्रे आजही अनेकांना आठवते. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर गायले. पण ही मैदाने बांधली गेली ती खेळासाठी. कार्यक्रम हा आलेला पाहुणा. एकाच जागेकडून सगळी कामे नियमितपणे करून घ्यायची, हा प्रकार आपल्याकडे नेरूळने रुजवला.

खाडीपलीकडचे शहर

नेरूळला ते शक्य झाले याचे कारण नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर. भिलाईकरांना हे वेगळे सांगायला नको. आपले सेक्टर, रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा ज्या काळात कागदावर आखल्या गेल्या, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, सिडको ही संस्था स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे करण्याचे काम तिच्याकडे आले. शहर मात्र बरीच वर्षे रखडल्यासारखे होते. खरी जान आली ती १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडीपूल ओलांडून लोकल वाशीला पोचली तेव्हा. पुढे मार्ग नेरूळ, बेलापूर करत १९९८ मध्ये पनवेलपर्यंत गेला. २०१८ च्या नोव्हेंबरात नेरूळ आणि बेलापूरहून उरणच्या दिशेने खारकोपरपर्यंत गाड्या सुरू झाल्या. आधी रूळ आणि मग गर्दी, असा क्रम आपल्या देशात फारसा दिसत नाही. इथे तो दिसला.

डॉ. डी. वाय. पाटील हे मूळचे कोल्हापूरचे शिक्षणसंस्थाचालक, पुढे त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल. त्यांच्या संस्थेच्या नेरूळच्या आवारात, शीव-पनवेल महामार्गालगत, हे स्टेडियम बांधले गेले. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. ४ मार्च २००८ रोजी ते खुले झाले. साधारण ५५ हजार माणसे बसतील एवढे मोठे.

तिथले छप्पर पाहण्यासारखे आहे. आपण स्टेशनवरची शेड पाहतो, तिला मध्ये खांब असतात आणि नेमका आपल्यासमोर खांब आला की गाडी दिसत नाही. नेरूळच्या गॅलरीत समोर खांबच नाही. छपराची एक बाजू मागे घट्ट धरलेली आणि दुसरी बाजू पुढे अधांतरी, याला आम्ही कँटिलिव्हर म्हणतो. हात सरळ पुढे करून तळहातावर वीट धरली तर ताण खांद्यावर येतो, तसा या छपराचा सगळा ताण मागच्या आधारावर येतो. वाऱ्याने छप्पर वर उचलले जाऊ नये याचाही हिशोब करावा लागतो. समुद्रकाठच्या शहरात तर अधिकच. पण त्या बदल्यात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मैदानाचा प्रत्येक कोपरा दिसतो. क्रिकेट असो वा रंगमंच, प्रेक्षकाला हवे असते ते हेच.

अमेरिकेने केलेला प्रयोग

एकाच स्टेडियममध्ये सर्व काही, ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली अमेरिकेने. तिथे बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल हे दोन लाडके खेळ. १९६० आणि ७० च्या दशकांत अनेक नगरपालिकांनी विचार केला की दोन स्टेडियम कशाला, एकच गोल स्टेडियम बांधू, खर्च वाचेल. न्यूयॉर्कचे शे स्टेडियम १९६४ मध्ये सुरू झाले. क्षमता जवळजवळ आपल्या नेरूळएवढीच. १५ ऑगस्ट १९६५ रोजी तिथे बीटल्सचा कार्यक्रम झाला, ५५ हजारांवर लोक आले. स्टेडियमभर प्रेक्षक जमवून गाण्याचा कार्यक्रम करता येतो, हे जगाला त्या संध्याकाळी कळले असे म्हटले जाते.

रुळवाल्याला शे स्टेडियमची एक गोष्ट फार आवडेल. तिथल्या खालच्या गॅलरीचे दोन मोठे भाग जमिनीतल्या रुळांवर बसवलेले होते. बेसबॉल असला की ते एका जागी आणि फुटबॉल असला की मोटरने सरकवून दुसऱ्या जागी. एवढी खटपट का, तर दोन्ही खेळांच्या मैदानांचा आकारच जुळत नाही. बेसबॉलचे मैदान उघडलेल्या जपानी पंख्यासारखे. फलंदाज एका कोपऱ्यात, आणि तिथून काटकोनात दोन रेषा निघतात. फुटबॉलचे मैदान सरळ चौकोनी. गोल स्टेडियममध्ये दोन्ही बसवले की दोन्हीकडचे प्रेक्षक खेळापासून लांब पडतात.

ह्यूस्टनचे अॅस्ट्रोडोम तर १९६५ मध्ये संपूर्ण छताखाली बांधले. छताला पारदर्शक तावदाने होती, आत खरे गवत लावले होते. पण दिवसा तावदानांतून येणाऱ्या उजेडाने क्षेत्ररक्षकांचे डोळे दिपू लागले, उंच गेलेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगवली. मग उजेड कमी झाला आणि गवत मेले. त्यातूनच १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत आले आणि अॅस्ट्रोटर्फ हे नाव जगभर पसरले. एक दुरुस्ती केली की तिच्यामुळे दुसरे काम निघते, हा अनुभव देखभाल खात्यातल्या प्रत्येकाला आहे.

शेवटी अमेरिकेने हा नाद सोडला. १९९२ मध्ये बाल्टिमोरला कॅमडेन यार्ड्स हे फक्त बेसबॉलसाठीचे मैदान झाले, तेही एका जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर, मालगोदामाची जुनी इमारत तशीच ठेवून. लोकांना ते इतके आवडले की एकामागून एक गोल स्टेडियमे पाडली गेली. शे स्टेडियमवर शेवटचा सामना झाला सप्टेंबर २००८ मध्ये आणि लगेच ते पाडायला घेतले. नेरूळचे स्टेडियम सुरू झाले तेही २००८ मध्येच. तिकडे ज्या वर्षी एका प्रयोगावर पडदा पडला, त्याच वर्षी इकडे तो नव्याने सुरू झाला.

इकडे तो का टिकला? एक कारण आकाराचे आहे. क्रिकेटचे मैदान लंबगोल, आणि खेळपट्टी बरोबर मध्यभागी. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद फुटबॉलचे मैदान त्यात सहज बसते. एका टोकाला रंगमंच उभारला तर उरलेल्या गवतावर हजारो माणसे उभी राहतात. गॅलरी सरकवावी लागत नाही. अडचण गॅलरीत नाही, ती जमिनीत आहे.

गवत, माती आणि पाणी

क्रिकेटला मधोमध टणक, दाबून बसवलेली चिकणमाती लागते. नेरूळच्या खेळपट्टीसाठी ती दक्षिण आफ्रिकेहून आणली होती. फुटबॉलला नेमकी तीच जागा, म्हणजे मैदानाचे मध्यवर्तुळ, मऊ आणि हिरवी हवी. दोन्ही एकाच वेळी होत नाही. म्हणून या स्टेडियमच्या इतिहासात पाळ्या दिसतात. पहिल्या वर्षी क्रिकेट जोरात. २७ एप्रिल २००८ रोजी अॅडम गिलख्रिस्टने इथे ४२ चेंडूंत शतक काढले, आणि १ जूनला आयपीएलचा पहिलावहिला अंतिम सामना राजस्थानने चेन्नईविरुद्ध अगदी शेवटच्या चेंडूवर जिंकला. २०१० चा अंतिम सामनाही इथेच. २०११ नंतर आयपीएल इथे परतली ती थेट २०२२ मध्ये. मधल्या काळात फुटबॉल आले. २०१४ मध्ये मुंबई सिटी संघाने आपल्या पहिल्याच घरच्या सामन्यात पुण्याला ५-० ने हरवले. २०१६ मध्ये हा संघ अंधेरीला गेला, म्हणजे जिथे मायकेल जॅक्सन गायला होता तिथे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने नेरूळला झाले, उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला हरवले.

त्याच वर्षी १० मे रोजी, विश्वचषकाला पाच महिने उरले असताना, जस्टिन बीबरचा कार्यक्रम याच मैदानावर झाला होता. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आले, त्यांच्याबरोबर ए. आर. रहमानही होते. अशा वेळी गवत कसे वाचवतात, हे समजून घेण्यासारखे आहे. मैदानावर प्लॅस्टिकचे जाड, एकमेकांत अडकणारे फलक अंथरतात. आपल्या गाडीच्या चाकाचा भार रूळ, स्लीपर, खडी असा पसरत पसरत जमिनीपर्यंत जातो, म्हणून माती खचत नाही. फलक हेच काम करतात. एका टाचेखालचा भार ते मोठ्या जागेवर पसरवतात. पण गवताला हवा आणि उजेडही लागतो, म्हणून फलक जितके उशिरा अंथरता येतील तितके उशिरा अंथरायचे आणि कार्यक्रम संपला की तातडीने उचलायचे. आमच्याकडे ब्लॉक घेऊन काम करताना जसा मिनिटांचा हिशोब असतो, तसाच इथे तासांचा असतो.

पाण्याचीही अशीच गोष्ट. या मैदानावरचा पहिला पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात ११ नोव्हेंबर २००९ रोजी होणार होता. त्याच दिवशी फयान चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला. सोळा वर्षांनी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशीही पाऊस आलाच. खेळ दोन तास उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला. पण षटके एकही कमी झाली नाहीत, ५०-५० षटकांचा पूर्ण सामना झाला. शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे ५ बळी आपण पाहिले. पाऊस थांबल्यावर मैदान वाळवणाऱ्या आणि गवताखालून पाणी काढून देणाऱ्या व्यवस्थेकडे कॅमेरा फारसा वळत नाही. पावसाळ्यात यार्डात पाणी साचू नये म्हणून नाल्या साफ करणाऱ्या आमच्या गँगच्या मंडळींना त्या कामाची किंमत कळेल.

नाचणारी गर्दी

क्रिकेटचे प्रेक्षक आणि गाण्याचे प्रेक्षक यांत इंजिनियरच्या नजरेने मोठा फरक आहे. चौकार गेला की लोक उठतात, पण जो तो आपापल्या वेळी. गाण्यात हजारो लोक एकाच ठेक्यावर उड्या मारतात, सेकंदाला साधारण दोन. १८३१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या तुकडीच्या तालबद्ध पावलांनी कोसळला होता, आणि तेव्हापासून पुलावरून जाताना सैन्याला कदमताल मोडायला सांगतात. गॅलरीचेही तसेच. तिचा स्वतःचा कंप आणि उड्यांचा ठेका जुळला तर हेलकावे वाढत जातात. म्हणून जिथे कार्यक्रम होणार ती गॅलरी ठेक्यापेक्षा खूप जास्त ताठ ठेवावी लागते, किंवा कंपाचा वेगळा हिशोब करावा लागतो. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत सिअॅटलला टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या नाचण्याची नोंद भूकंपमापकावर २.३ तीव्रतेच्या धक्क्याएवढी झाली होती. नुसते 'एवढी माणसे बसतील' हे गणित कार्यक्रमाला पुरत नाही.

परतीची वाट

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विश्वचषकाचे सामने मूळ वेळापत्रकात नेरूळला नव्हतेच, ते बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर होते. ४ जून २०२५ रोजी तिथे आयपीएल विजयाच्या जल्लोषासाठी लोटलेल्या गर्दीत, स्टेडियमच्या दारांबाहेर, चेंगराचेंगरी होऊन ११ जण मृत्युमुखी पडले. ऑगस्टमध्ये ते सामने नवी मुंबईला हलवले गेले. म्हणून उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढल्या त्या नेरूळला. आपल्या आनंदाच्या त्या दोन रात्रींच्या मागे अकरा घरांचे दुःख आहे, हे विसरून चालणार नाही.

एवढा मोठा सामना घेण्याची तयारी नेरूळने आधीच दाखवली होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचा टी-ट्वेंटी सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये आपण जिंकलो, तेव्हा पंचेचाळीस हजारांहून अधिक लोक आले होते. स्टेडियमच्या पंधराव्या वाढदिवशी, ४ मार्च २०२३ रोजी, महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना इथे झाला. त्याच वर्षी डिसेंबरात भारताच्या मुलींनी कसोटीत इंग्लंडला ३४७ धावांनी हरवले. प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांना आयुष्यभर धावा काढूनही भारताची टोपी मिळाली नव्हती. त्यांच्या मुलींनी विश्वचषक उचलला तो याच मैदानावर.

गर्दीचा हिशोब थोडक्यात मांडतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १९७१ च्या आयब्रॉक्स दुर्घटनेत जिन्यावर ६६ माणसे गेली. त्यानंतर तिथे मैदानांच्या सुरक्षिततेची नियमावली झाली. तिच्यात धरलेला आकडा असा की एक मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसे सुखरूप उतरतात, सपाट वाटेवरून ८२. आणि प्रेक्षागार जास्तीत जास्त ८ मिनिटांत रिकामे व्हावे. आता ५५ हजार माणसांना ८ मिनिटांत जिन्यांनी उतरवायचे तर सगळ्या जिन्यांची मिळून रुंदी किती हवी? भागाकार केला तर साधारण १०४ मीटर. दोन मीटरचा एक जिना धरला तर असे ५२ जिने, आणि सगळ्यांची दारे उघडी. एक दार जरी कुलूपबंद राहिले तरी हिशोब बिघडतो.

पण माणूस स्टेडियमच्या दाराबाहेर पडला म्हणजे घरी पोचला असे नाही. समजा निम्मे लोक, म्हणजे २७,५०० जण, लोकलने जाणार. भरलेल्या बारा डब्यांच्या गाडीत ३ हजार धरले तर नऊ-दहा गाड्या लागतात. आणि सहा मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला चारशेच माणसे उतरतात, म्हणजे एका गाडीची माणसे फलाटावर यायलाच सात-आठ मिनिटे. स्टेडियम आठ मिनिटांत रिकामे होते, स्टेशनला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. मधला सुमारे तासभर ही माणसे कुठेतरी उभी राहणार. ती जागा मोकळी, उजेडाची आणि न अडणारी असली पाहिजे. नेरूळला ती थोडीफार आहे. रुंद रस्ते आहेत, नेरूळ आणि जुईनगर अशी दोन स्टेशने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि त्या चालण्यातच गर्दी पांगत जाते. स्टेशन अगदी दाराशी असणे नेहमीच फायद्याचे नसते, हे आम्हा रेल्वेवाल्यांनाही उशिरा कळते.

जागा नसली तर काय होते ते २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर दिसले. अचानक पाऊस आला, लोक जिन्यावर थबकले, मागून गाड्यांची माणसे येत राहिली, आणि २३ जीव गेले. तिथे ना सामना होता ना कार्यक्रम, नेहमीची सकाळ होती. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांपलीकडे दाटी झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, लाटेबरोबर वाहतो. मग पुढच्याचा दोष नसतो, मागच्याचाही नसतो. दोष वाटेचा असतो, आणि वाट आखणाऱ्याचा.

उलट, आधी विचार केला तर मार्ग निघतो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे पुढचे कार्यक्रम अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर होते, तेव्हा पश्चिम रेल्वेने बांद्रा टर्मिनस ते अहमदाबाद खास गाड्या सोडल्या. गाण्याच्या कार्यक्रमासाठी विशेष गाडी! आपल्या आजोबांनी यात्रेच्या विशेष गाड्या पाहिल्या होत्या. नातवंडांची यात्रा वेगळी, गाडीची गरज तीच.

आपल्याकडे

हे सगळे आपल्यापासून लांबचे वाटेल, पण तसे नाही. नवा रायपूरचे शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम आपल्यापासून तासा-दीड तासावर आहे. १८५७ मध्ये फाशी गेलेल्या सोनाखानच्या जमीनदाराचे नाव त्याला दिले आहे. २१ जानेवारी २०२३ रोजी तिथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला. त्या दिवशी सुपेला, दुर्ग, पॉवर हाऊसहून गेलेला प्रत्येक जण रस्त्यानेच गेला आणि रस्त्यानेच परतला. खेळ लवकर संपला, पण परतीचा रस्ता लवकर संपला नाही, असे आमच्या कॉलनीतली मंडळी सांगत होती. ३० मार्च २०२५ पासून रायपूर-अभनपूर मेमू त्या भागातून धावू लागली आहे. रूळ तिथवर पोचले, ही सुरुवात चांगली आहे. सामन्याच्या रात्री त्यांवर गाडीही हवी.

आणि आपल्या सिव्हिक सेंटरजवळचे जयंती स्टेडियम आहेच. खेळ, मेळावे, जाहीर सभा, सगळे त्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे. मोठा खर्च करून छप्पर बांधणे आपल्या हातात नसेल. पण कोणताही मोठा कार्यक्रम ठरवताना तीन प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे : किती दारे उघडी राहतील? जिना आणि वाट मिळून रुंदी किती? आणि शेवटचा माणूस घरी कसा जाईल? उत्सवाचे आपले कार्यकर्ते विसर्जनाच्या मार्गावर दोर धरून उभे राहतात, तेव्हा हेच काम करत असतात. त्या कामाला हार-तुरे मिळत नाहीत. रुळांवरून गाडी सुखरूप गेली की गँगमनचे नाव कोणी घेत नाही, तसेच ते आहे.

देशभरातल्या गाड्यांखाली भिलाईत तयार झालेले रूळ आहेत. विश्वचषकाच्या त्या रात्री विजयाच्या घोषणा देत हजारो लोक नेरूळ स्टेशनात शिरले, गाड्या भरून गेल्या, आणि सकाळी वर्तमानपत्रात फक्त विजयाची बातमी होती. दुसरी कोणतीही बातमी नव्हती. मैदान किती मोठे, छप्पर किती देखणे, गायक कोठून आला, हे सगळे लोक बोलतीलच. मैदानाची आणि ते चालवणाऱ्यांची खरी परीक्षा मात्र त्या न आलेल्या बातमीत असते.